बोटीवरून दिसलेला स्वर्ग

मोबाईलच्या कीबोर्डवर एक इमोजी आहे, बऱ्याच जणांनी वापरला असेल, पिवळी वाळू, त्यावर वाकलेलं एखादं नारळाचं झाड आणि खाली निळं पाणी. सुट्टी, आराम, आता चार दिवस मला शोधू नका, हे सगळं त्या एवढ्याशा चित्रात येतं. पण त्याचं अधिकृत नाव बघितलंत तर ते आहे 'डेझर्ट आयलंड', म्हणजे निर्जन बेट. माणूसच नाही तिथे. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये, कारण चित्रकला, वॉलपेपर, पोस्टकार्ड, हॉटेलांची डिझाईन्स, म्युझियममधली प्रदर्शनं, कुठेही बेटाचा स्वर्ग करून दाखवलाय ना, तिथे हाच प्रकार दिसतो. चित्र काढताना आधी माणसं काढून टाकलीयत, आणि ठेवलीच असतील तर शोभेला ठेवलीयत.

हे असं का झालं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल, अगदी 'पॅराडाईज' या शब्दापासून.

हा शब्द मुळात जुन्या इराणी भाषेतला, 'पइरिदएज़'. त्यातला 'पइरि' म्हणजे आपला 'परि', परिसर-परिघातला, सगळीकडून वेढलेलं या अर्थाचा, आणि 'दएज़' म्हणजे रचलेली भिंत. थोडक्यात कुंपण घातलेली जागा. इराणी राजांच्या भिंतीआडच्या बागांना ग्रीकांनी हाच शब्द 'पॅरादायसोस' असा वापरला, मग बायबलच्या ग्रीक भाषांतरात ईडनच्या बागेला तोच शब्द लागला आणि तिथून तो स्वर्ग झाला. उर्दू-फारसीत स्वर्गाला म्हणतात तो फिरदौस हा शब्दही याच मुळातून आलाय. म्हणजे स्वर्गाच्या कल्पनेत झाडं, पाणी, फळं हे सगळं आहेच, पण शब्दात पहिल्यापासून काय आहे तर भिंत. बाहेर रखरखीत वाळवंट आणि आत गारवा, हा फरकच त्या जागेला स्वर्ग बनवतो. सगळीकडेच हिरवळ असती तर बागेला कोण विचारतं.

आता भिंतीच्या जागी समुद्र ठेवा, झालं बेट. हे खरंच नकाशांमध्ये घडलंय. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये साधारण १३०० सालचा जगाचा नकाशा आहे, वासराच्या एका अख्ख्या कातड्यावर काढलेला. त्यात पूर्व दिशा वर आहे, मधोमध जेरुसलेम आणि अगदी वरच्या टोकाला, जग जिथे संपतं तिथे, एक छोटंसं गोल बेट, त्यात आदम आणि ईव्ह, भोवती भिंत. नकाशा काढणाऱ्याच्या दृष्टीने तो स्वर्ग ही खरी, भूगोलातली जागा होती, फक्त तिथे आपल्याला जाता येत नाही एवढंच. दिसतं, पण पोचता येत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हे फक्त ख्रिस्ती जगात होतं असंही नाही. चीनमध्ये पूर्वेच्या समुद्रात पेंगलाई नावाचं अमर लोकांचं बेट आहे अशी समजूत होती, चिन शी हुआंग या सम्राटाने ते शोधायला माणसं धाडली, आणि नंतर हान सम्राट वू याने राजवाड्याच्या तलावात तसली बेटं बांधूनच घेतली. जपानमध्ये उजी इथे ब्योदो-इन म्हणून मंदिर आहे, त्याचा फिनिक्स हॉल १०५३ सालचा, जपानच्या १० येनच्या नाण्यावर तोच आहे. अमिदा बुद्धाची सुखावती, पश्चिमेकडचा स्वर्ग, ती जमिनीवर कशी दाखवायची हा प्रश्न तिथल्या कारागिरांनी इतका सुंदर सोडवलाय की काय सांगू. हॉल तळ्यातल्या बेटावर आहे, तोंड पूर्वेला. तुम्ही तळ्याच्या अलीकडच्या काठावर उभे राहिलात की तुमची नजर आपोआप पश्चिमेला लागते, पाण्यात हॉलचं प्रतिबिंब हलत असतं, आणि समोरच्या जाळीत एक गोल खिडकी ठेवलीय त्यातून आतल्या बुद्धाचा चेहरा दिसतो. मला वाटतं स्वर्गाचं डिझाईन म्हणजे काय हे याच्याइतकं स्वच्छ दुसरी कुठलीच वास्तू सांगत नाही. मध्ये पाणी हवं आणि बघणारा अलीकडच्या काठावर हवा. ब्योदो-इनमध्ये मात्र यात कोणाचं नुकसान नव्हतं, कारण त्या बेटावर कोणाचं घर मोडून बुद्ध बसवलेला नव्हता.

गडबड सुरू होते ती जेव्हा हे कल्पनेतलं बेट खऱ्या, राहत्या बेटावर नेऊन चिकटवलं जातं तेव्हा.

१५१६ मध्ये थॉमस मोर यांचं 'युटोपिया' आलं, आदर्श समाजाचं बेट, नावाचा अर्थच 'कुठेही नसलेली जागा'. त्यात एक तपशील आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो, ते आधी बेट नव्हतंच, तिथल्या राजाने मुद्दाम खोदून जमिनीचा सांधा तोडला आणि बेट केलं. म्हणजे आदर्श असायचं तर तोडलेलं असलं पाहिजे. मग १७१७ मध्ये फ्रेंच चित्रकार वात्तो याने सिथेरा बेटाच्या यात्रेचं चित्र केलं, ते आज लूव्रमध्ये आहे, प्रेमाच्या देवतेचं बेट, रेशमी कपड्यातली जोडपी, सोनेरी धुकं. हे चित्र बघून वाढलेल्या पिढ्यांच्या डोळ्यात बेट म्हणजे काय ते पक्कं झालेलं होतं. त्यामुळे एप्रिल १७६८ मध्ये बूगँव्हील हा फ्रेंच दर्यावर्दी पॅसिफिक महासागरातल्या ताहितीला पोचला तेव्हा त्याने त्या बेटाला नाव काय दिलं तर 'नवी सिथेरा'. राहिला जेमतेम दहा दिवस. भाषा येत नव्हती. पण परत येऊन त्याने १७७१ मध्ये जे प्रवासवर्णन छापलं त्याने अख्ख्या युरोपला वेड लावलं, की बघा, स्वर्ग खरंच आहे, लोक प्रेमळ आहेत, हसून स्वागत करतात.

हसून स्वागत का केलं असेल याचं एक कारण त्याच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. त्याच्या आधी साधारण दहा महिने, जून १७६७ मध्ये, ब्रिटिश नौदलाचं 'डॉल्फिन' जहाज तिथे आलं होतं आणि त्याने ताहितीच्या लोकांवर तोफा चालवल्या होत्या, माणसं मेली होती. अनेक इतिहासकार म्हणतात की पुढच्या जहाजाला जो पाहुणचार मिळाला त्यात त्या तोफांची आठवण होती. म्हणजे ज्याला बोटीवरच्या माणसाने भोळेपणा समजलं, तो काठावरच्या माणसांचा शहाणपणा असू शकतो. ही एक गोष्ट कळली की ती सगळी सोनेरी चित्रं वेगळी दिसायला लागतात.

बघा ना, ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या पॅसिफिकच्या दुसऱ्या सफरीवर, १७७२ ते ७५, विल्यम हॉजेस नावाचा चित्रकार बरोबर होता. त्याचं साधारण १७७६ सालचं ताहितीचं मोठं चित्र ग्रीनिचच्या म्युझियममध्ये आहे. डोंगर, नदी, संध्याकाळचं ऊन, अंघोळ करणाऱ्या बायका. प्रकाश मात्र ताहितीचा कमी आणि इटलीचा जास्त, कारण हॉजेस ज्या परंपरेत शिकला तिथे सुंदर निसर्ग म्हणजे इटलीचा निसर्ग असंच शिकवत. तरी हॉजेस प्रामाणिक होता असं मी म्हणेन, कारण त्याने एका बाजूला कोरीव मूर्ती आणि मचाणावर ठेवलेलं, गुंडाळलेलं प्रेतही रंगवलंय. इथेही माणसं मरतात, त्यांचे विधी आहेत, हे त्याने चित्रात राहू दिलं.

वॉलपेपरवाल्यांनी तेवढंही राहू दिलं नाही. १८०४-०५ मध्ये फ्रान्समध्ये माकाँ गावात जोसेफ द्यूफूरच्या कारखान्यात पॅसिफिकच्या लोकांवरचा एक वॉलपेपर छापला गेला, शार्वे नावाच्या चित्रकाराचं डिझाईन, २० पट्ट्या, सगळ्या जोडल्या की दहा मीटरच्या आसपास लांब, आणि छापायला हजाराच्या वर लाकडी ठसे लागले. कारागिरी म्हणून थक्क करणारी वस्तू आहे. कंपनीने बरोबर एक पुस्तिका पण दिली होती, की हा कागद लावलात तर आई घरबसल्या मुलीला इतिहास-भूगोल शिकवू शकेल. पण त्यातली माणसं, ताहितीची काय, हवाईची काय, न्यूझीलंडची काय, सगळी ग्रीक पुतळ्यांसारखी उभी आहेत, अंगावर झुळझुळीत वस्त्रं, एकाच बागेत नाच चाललाय. हजारो मैल दूर असलेले वेगवेगळे समाज एका दिवाणखान्याच्या भिंतीवर एकच होऊन गेले. कुकचा हवाईतला मृत्यू आहे, पण मागे, बारीकसा, शोभा बिघडणार नाही इतपत.

याच वॉलपेपरला लिसा रेहाना या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ समाजातल्या, कलाकार बाईंनी दिलेलं उत्तर बघायला मिळालं तर सोडू नका. 'इन परसूट ऑफ व्हीनस [इन्फेक्टेड]' असं नाव, ऑकलंडला २०१५ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी व्हेनिसला भरणाऱ्या मोठ्या कला-प्रदर्शनात, न्यूझीलंडच्या दालनात. त्यांनी तोच वॉलपेपर प्रचंड मोठ्या पडद्यावर सरकता केला आणि त्यात खरी, जिवंत माणसं घातली, ज्यांना आपली गाणी, आपले विधी, आपली भांडणं माहीत आहेत अशी. कुठे नाच आहे, कुठे देवघेव, कुठे फटके मारण्याची शिक्षा, कुकचा मृत्यू आता मागे लपलेला नाही. आणि नावातली आद्याक्षरं घेतलीत तर 'पीओव्ही' येतं, पॉइंट ऑफ व्ह्यू, बघण्याची जागा. एवढं सगळं समजावून सांगायला मला चार परिच्छेद लागले, त्यांनी नावातच सांगून टाकलं.

गोगँचं काय, हा प्रश्न इथे येणारच. पॉल गोगँ हा फ्रेंच चित्रकार १८९१ मध्ये ताहितीला गेला तो पॅरिसमध्ये १८८९ च्या जागतिक प्रदर्शनातली वसाहतींची दालनं बघून, सरकारी माहितीपत्रकं वाचून, म्हणजे जाण्याआधीच चित्र तयार होतं. पोचला तर पपीते हे फ्रेंच सरकारी गाव, ताहिती १८८० पासून फ्रान्सच्या ताब्यात, पत्र्याची छपरं, चर्च, बायका मिशनऱ्यांनी रूढ केलेल्या गळ्यापासून पायापर्यंतच्या झग्यात. जुने देव तर मिशनऱ्यांच्या काळात कधीच जाळून-मोडून झाले होते. मग त्याच्या चित्रांमधल्या त्या गूढ मूर्ती आल्या कुठून? बऱ्याच त्याने मनाने घडवल्या, काही मार्केझस बेटांच्या कोरीवकामावरून, आणि कितीतरी माणसांच्या उभं राहण्या-बसण्याच्या लकबी चक्क जावातल्या बोरोबुदूर स्तूपाच्या शिल्पांच्या फोटोंवरून घेतल्या, ते फोटो तो बरोबर घेऊन गेला होता. तेव्हा आपण 'ताहिती' म्हणून जे बघतो त्यात जावातली बौद्ध शिल्पं आहेत. हे कळल्यावर चित्र कमी सुंदर होतं का? मला नाही वाटत, रंग तेवढेच ग्रेट राहतात. पण ते ताहितीचा पुरावा राहत नाही, गोगँच्या डोक्याचा पुरावा होतो.

आणि एक गोष्ट हळू आवाजात सांगून चालणार नाही. तेहामाना नावाची जी मुलगी त्याच्या अनेक चित्रांच्या मागे आहे ती त्याच्याबरोबर राहायला लागली तेव्हा साधारण तेरा वर्षांची होती आणि तो चाळिशी ओलांडलेला. कित्येक वर्षं म्युझियमच्या पाट्यांवर याला 'ताहितीची पत्नी' असं म्हणून पुढे जायची पद्धत होती. २०१९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याच्या पोर्ट्रेट्सचं प्रदर्शन झालं तेव्हा ऑडिओ गाईडमध्येच प्रश्न टाकला होता की गोगँ बघणं आता बंदच करायचं का. माझं मत विचाराल तर बंद करू नका, पण पाटी बदला. पाटी ही किरकोळ गोष्ट नाही. लोक चित्राकडे काही सेकंद बघतात आणि पाटीकडे कधीकधी त्याहून जास्त वेळ, तिथे वय लिहिलं असेल तर माणूस परत मान वर करून चित्राकडे बघतो.

सामोआ-जपानी वंशाच्या युकी किहारा यांनी २०२२ च्या व्हेनिस बिएनालेत 'पॅराडाईज कॅम्प' केलं ते याहून पुढचं पाऊल. गोगँच्या रचना तशाच ठेवल्या, पण १२ फोटोंमध्ये उभी राहिली ती सामोआची फाआफाफिने मंडळी, म्हणजे जन्माने पुरुष गणले गेलेले पण बाईच्या रीतीने जगणारे लोक, ज्यांना सामोआच्या समाजात जुनं स्थान आहे. किहारा स्वतः त्यातल्याच. तीच पोझ, तेच फळांचं ताट, पण आता समोरचा माणूस आपल्या गावात, आपल्या मर्जीने, आपल्या माणसाच्या कॅमेऱ्याकडे बघतोय. नजर कोणाची यावर चित्र किती बदलतं हे दोन्ही शेजारी ठेवले की शब्दांशिवाय कळतं.

आता डिझाईन. इथे स्वर्ग सगळ्यात स्वस्त झाला. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर नावाचा बार निघाला आणि तिथून टिकी बारची लाट आली, बांबूच्या भिंती, गवताचं छप्पर, देवाच्या तोंडाचे मग. टिकी म्हणजे खरं तर पॉलिनेशियात, ताहिती-हवाई-न्यूझीलंडच्या त्या पट्ट्यात, पूर्वजांची किंवा पहिल्या माणसाची कोरलेली आकृती, आदराची वस्तू. ती पिण्याचं भांडं झाली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये गेलेले अमेरिकन सैनिक परत आले आणि पन्नाशीच्या दशकात ही फॅशन घराघरात पोचली.

त्याच वर्षांत त्याच समुद्रात काय चाललं होतं? मार्शल बेटांमधलं बिकिनी अटॉल, कंकणासारखं प्रवाळाचं बेट. मार्च १९४६ मध्ये अमेरिकन नौदलाने तिथल्या १६७ लोकांना सांगितलं की मानवजातीच्या भल्यासाठी थोडे दिवस बेट सोडा. १ जुलैला तिथला पहिला अणुबॉम्ब टाकला. ५ जुलैला पॅरिसमध्ये लुई रेआर याने दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख बाजारात आणला आणि सगळीकडे गाजत असलेलं नाव उचलून त्याला दिलं, बिकिनी. चार दिवस मध्ये गेले फक्त. त्या बेटावर १९५८ पर्यंत २३ स्फोट झाले, १९५४ चा 'कॅसल ब्राव्हो' तर १५ मेगाटनचा. लोकांना नेलं त्या राँगेरिक बेटावर अन्न पुरेना, उपासमार झाली, पुन्हा हलवलं. आज जगभर हा शब्द ऐकला की समुद्रकिनारा आणि सुट्टी डोळ्यासमोर येते, आणि ज्यांच्या गावाचं ते नाव आहे त्यांचे वारस अजून दुसऱ्याच बेटांवर राहतात. एका शब्दावर इतकं पक्कं झाकण बसलेलं मी दुसरं पाहिलं नाही. फ्रान्सनेही १९६६ ते १९९६ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात १९३ अणुचाचण्या केल्या, म्हणजे ज्या ताहितीला 'नवी सिथेरा' म्हटलं होतं तिच्याच परिसरात. निर्जन बेट हा शब्द इमोजीत निरागस वाटतो, पण 'तिथे तसं कोणीच राहत नाही' हे म्हटल्याशिवाय तिथे बॉम्ब टाकता येत नाही.

हल्ली पोस्टर बदललंय, स्वर्गाऐवजी बुडणारा स्वर्ग. २०१५ मध्ये व्हेनिसला तुवालू देशाचं दालन व्हिन्सेंट हुआंग या तैवानी कलाकाराने पाण्याने भरून टाकलं होतं आणि लोक पाण्याच्या पातळीला टेकलेल्या वाटांवरून चालत होते. तुवालूची सर्वात उंच जागा पाच मीटरसुद्धा नाही, तेव्हा भीती खरी आहे आणि ते दालन मनात राहतं. पण पॅसिफिकचे कितीतरी लोक म्हणतात की आम्हाला आधी सुखी रानटी म्हणून दाखवलंत, आता बिचारे बुडणारे म्हणून दाखवताय, दोन्हीत आम्ही काही करताना दिसतच नाही. तिथल्या तरुणांची घोषणा आहे, आम्ही बुडत नाही आहोत, आम्ही लढतोय. २०१४ मध्ये ते स्वतः बांधलेल्या होड्या घेऊन ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या कोळसा बंदरात जहाजं अडवायला गेले होते.

टोंगा वंशाचे अभ्यासक एपेली हाउओफा यांनी १९९३ मध्ये एक निबंध लिहिला, त्यातला मुद्दा इतका साधा आहे की आधी कसा सुचला नाही असं वाटतं. तुम्ही म्हणता अथांग समुद्रात दूरदूर पडलेली बेटं, आम्ही म्हणतो बेटांचा समुद्र. समुद्र भिंत नाही, रस्ता आहे. २०१८ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत 'ओशनिया' हे मोठं प्रदर्शन झालं, त्यात सुरुवातीच्याच दालनात माता आहो कलेक्टिव्ह या चार माओरी बायकांच्या गटाने केलेली ११ मीटरची निळी लाट वरून खाली येत होती. कशाची केलेली? ताडपत्रीची. तीच, पावसाळ्यात छपरावर टाकतात ती. न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांचा पासपोर्ट असणाऱ्यांना प्रवेश फुकट होता. ज्यांच्या पूर्वजांच्या वस्तू त्यांनी बघायला पैसे का द्यायचे, इतकी सरळ गोष्ट.

अशा प्रदर्शनांमध्ये किंवा मोठ्या म्युझियममध्ये एक वस्तू जरूर शोधा, मार्शल बेटांचा काड्यांचा नकाशा. हो, तेच मार्शल, बिकिनीवाले. झावळीचे हीर एकमेकांना बांधून केलेली चौकट, आडव्या-तिरप्या-वाकवलेल्या काड्या आणि मध्ये मध्ये बसवलेल्या कवड्या. कवडी म्हणजे बेट. काड्या म्हणजे लाटा, मोठ्या समुद्री लाटा बेटाला आपटून कशा वळतात, दोन बाजूंच्या लाटा कुठे भेटतात, ते. किनारा, झाड, वाळू काहीच नाही त्यात, बेट कसं दिसतं हा प्रश्नच नाही, बेटाच्या जवळ आल्यावर पाणी कसं वागतं एवढंच आहे. नकाशा बरोबर न्यायचे नाहीत, जमिनीवर बसून पाठ करायचे आणि घरी ठेवून निघायचं. मग रात्री होडीत नावाडी आडवा पडायचा, पाठीला फळीतून लाटेचा हेलकावा लागायचा आणि त्यावरून तो सांगायचा की बेट अजून दिसत नाहीये पण या बाजूला आहे.